एकाच सरकारच्या जगात मार्सेलिस कुठे?

माझे वडील नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, प्रेस म्हणजे इंडिया सिक्युरिटी प्रेस. कामावरचं घरी काही बोलायचं नाही अशी तिथली शिस्त, आणि वडिलांनी ती निवृत्तीनंतरही पाळली. पण पोस्टाच्या तिकिटांबद्दल त्यांनी लहानपणी सांगितलेली एक गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. ते म्हणाले होते, आपल्याकडे छापलेलं तिकीट लावून तू ब्राझीलला पत्र टाकलंस, तर तिथला पोस्टमन ते घरपोच देतो. त्याचं सरकार आपलं तिकीट मानतं, वर स्वतःचं लावायला सांगत नाही.

हे आपोआप घडत नाही. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नमध्ये झालेल्या कराराने टपालापुरतं सगळं जग एकच मुलूख मानलं. भारत १८७६ पासून त्या टपाल संघटनेत आहे, म्हणजे स्वतः स्वतंत्र व्हायच्या ७१ वर्षं आधीपासून. पुढे याच संघटनेच्या बर्नच्या कचेरीत शरद जोशी नावाचा मराठी अधिकारी काम करत होता. ती नोकरी सोडून ते आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले आणि १९८० साली त्यांनी कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते अडवले. जगाचं टपाल सुरळीत चालवणाऱ्या कचेरीतून उठून तो माणूस थेट आमच्या रस्त्यावर येऊन बसला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

त्याच प्रेसमध्ये आज पासपोर्ट छापले जातात. फोटोच्या पानावर खाली अक्षरं, आकडे आणि बाणासारख्या खुणा असलेल्या दोन ओळी असतात. त्या कशा असाव्यात हे दिल्लीने एकटीने ठरवलेलं नाही. १९४४ च्या शिकागो करारातून निघालेल्या नागरी विमान वाहतूक संघटनेने ते ठरवलं, आणि जगातली सगळी विमानतळं त्या दोन ओळी वाचतात. म्हणून जागतिक सरकार यावं की येऊ नये असा वाद कुणी माझ्यापुढे घातला, की मला तो उशिरा सुरू झालेला वाद वाटतो. तुकड्यातुकड्यांनी ते आपल्या घरात केव्हाच आलंय. आपण त्याची प्रजा आहोत. नागरिक मात्र अजून नाही, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

द्राक्षांचंच घ्या. निफाड तालुक्यातल्या माझ्या मावसभावाची थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. ऑक्टोबर छाटणीपासून माल तोडणीला येईपर्यंत हा माणूस दोन कायद्यांखाली राहतो. एक भारताचा. दुसरा जिनिव्हा (जागतिक व्यापार संघटना), रोम (अन्न व कृषी संघटना) आणि ब्रसेल्स (युरोपीय संघ) मिळून बनलेला, ज्याचं पुस्तक त्याने कधी पाहिलेलं नाही. कुठल्या औषधाचा अंश किलोमागे किती मिलिग्रॅम चालेल, शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस हवेत, प्लॉटची नोंदणी कशी हवी, रेसिड्यूचा रिपोर्ट कुठल्या लॅबचा हवा, हे सगळं तो कायदा सांगतो. अन्नाच्या जागतिक मानकांसाठी १९६३ पासून कोडेक्स नावाचा आयोग आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांनी मिळून तो चालवलाय. युरोपच्या मर्यादा पुष्कळदा त्याहून कडक असतात. विषारी अन्न कुणाच्या पोटात जाऊ नये, याबद्दल माझा काहीच वाद नाही. माझ्या नातवंडांनाही तीच द्राक्षं खायचीत.

पण २०१० चा हंगाम आठवा. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, मर्यादेपेक्षा जास्त निघालं. वेलीची शाकीय वाढ रोखायला वर्षानुवर्षं वापरात असलेलं ते औषध. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, त्यामुळे इथल्या लॅबचा रिपोर्ट स्वच्छ आणि तिथल्या लॅबचा लाल. कंटेनर बंदरात अडकले, भाव कोसळले. मावसभावाचा माल ज्याने उचलला होता त्या निर्यातदाराने पुढे फोन उचलणं बंद केलं. त्या वर्षी आमच्या मावशीने एकच प्रश्न दहादा विचारला : "अरे, हे आपल्याला आधी सांगायचं कुणी होतं?" त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. नियम जगाचा, अंमल युरोपचा, यादी आपल्या सरकारची आणि कर्ज मात्र मावसभावाच्या नावावर.

कांद्याची गोष्ट याच्या उलट आणि तितकीच बोचरी. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये उठवली. लासलगावात लिलाव बंद पडले, भाव खाली आले. जागतिक व्यापाराच्या करारात अशा बंदीबद्दल काय आहे, ते मी मुद्दाम वाचलं. निर्यातीवर बंदी घालू नये असा सर्वसाधारण नियम आहे. अन्नाची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती घालता येते. शेतीच्या कराराचं १२ वं कलम सांगतं, की बंदी घालणाऱ्या देशाने आयात करणाऱ्या देशांच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि आधी सूचना द्यावी. म्हणजे ढाक्यातल्या नि कोलंबोतल्या ग्राहकाचा विचार त्या कलमात आहे. दिल्लीतल्या ग्राहकाचा विचार बंदीतच आहे. ज्याने कांदा पिकवला त्याच्याविषयी एक शब्द नाही. शरद जोशींनी जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला तेव्हा त्यांचं म्हणणं होतं, की शेतकऱ्याला लुटणारं आपलंच सरकार आहे, तेव्हा बाजार खुला होऊ द्या. पहिलं वाक्य मला पूर्ण पटतं. पण जिनिव्हाच्या कागदातही कांदा उत्पादक कुठे दिसत नाही, हेही तितकंच खरं.

आता जागतिक सरकार हवं म्हणणाऱ्यांकडे वळतो. त्यांची बाजू मी हलकी मानत नाही. ८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर मंजूर झालेला ठराव आपल्याला 'छोडो भारत' म्हणून आठवतो. त्याच ठरावात स्वतंत्र राष्ट्रांच्या जागतिक संघराज्याची मागणी होती. दुसऱ्या दिवशी तुरुंगात जाणारी माणसं जगाची घडी कशी बसावी याचा विचार करत होती, आणि हिरोशिमा तेव्हा तीन वर्षं पुढे होतं. अणुबॉम्ब आल्यावर तर हा विचार भाबडा राहिलाच नाही. हवामानाचं तसंच. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीत उभ्या बागा झोपलेल्या मी पाहिल्यात; बदलत्या हवेला कुठल्याही एका देशाच्या अर्थसंकल्पातून उत्तर देता येणार नाही, हे कळायला मोठा अभ्यास लागत नाही. एवढं सगळं मान्य करूनही एक जग, एक सरकार ही कल्पना मला नको वाटते. कारण आमच्याच जिल्ह्यातलं आहे.

२१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरमध्ये अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या धाग्यावरून भगूरच्या विनायक दामोदर सावरकरांना लंडनमध्ये पकडलं आणि मोरिया बोटीवरून हिंदुस्थानकडे पाठवलं. ८ जुलै १९१० ला मार्सेलिस बंदरात त्यांनी बोटीच्या खिडकीतून समुद्रात उडी मारली आणि पोहत फ्रान्सचा किनारा गाठला. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरलं आणि सरळ इंग्रजांच्या हवाली केलं. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल नाशकातच टोकाची मतं आहेत. मला इथे फक्त त्या उडीबद्दल बोलायचंय, कारण शाळेत आम्हाला तिचं धाडस शिकवलं, तिच्यातला कायदा कुणी शिकवला नाही.

उडी कशाच्या भरवशावर मारली? समोर दुसऱ्या सरकारची जमीन होती, या भरवशावर. फ्रान्सच्या भूमीवर इंग्रज पोलिसाला अटकेचा हक्क नाही, हे त्यांना ठाऊक होतं. जगात एकच सरकार असतं, तर मार्सेलिसचा तो किनारा नुसता दगडमातीचा राहिला असता आणि तिथला पोलीस मोरियावरच्या पोलिसाचाच सहकारी ठरला असता. दलाई लामा १९५९ साली डोंगर ओलांडून भारतात येऊ शकले, तेही पलीकडे वेगळं सरकार होतं म्हणूनच. सरकारं बिघडतात. आपली, परक्यांची, लोकांनी निवडून दिलेलीसुद्धा. एक सरकार बिघडलं की माणसाला पळून जायला दुसऱ्याचा उंबरठा लागतो. पृथ्वीवर एकच उंबरठा उरला आणि त्याच्या आत अन्याय सुरू झाला, तर जायचं कुठे? जागतिक सरकारच्या बाजूने मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली, या प्रश्नाला थेट भिडलेलं एकही ऐकलं नाही.

पण मार्सेलिसची गोष्ट तिथे संपत नाही, आणि तिचा उरलेला भाग माझ्याच म्हणण्याला उलटा छेद देतो. फ्रान्समध्ये समाजवाद्यांनी आवाज उठवला. दोन्ही सरकारांनी ऑक्टोबर १९१० मध्ये ठरवलं, की प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे द्यायचं. हे न्यायालय १८९९ च्या शांतता परिषदेतून जन्मलेलं. देशादेशांतली भांडणं तलवारीऐवजी कायद्याने मिटवायचा तो जगाचा पहिला कायमचा प्रयत्न. पाच लवाद बसले. २४ फेब्रुवारी १९११ ला निवाडा आला : अटक आणि हवाली करण्यात अनियमितता झाली खरी, पण परक्या पोलिसाच्या चुकीपायी कैदी परत करायला लावणारा नियम आंतरराष्ट्रीय कायद्यात नाही. निवाड्याची वाट न बघता मुंबईत खटला चालवून दोन जन्मठेपा आधीच सुनावल्या गेल्या होत्या.

मला यातली सगळ्यात खुपणारी गोष्ट निकाल ही नाही. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो त्या खटल्यात पक्षकारच नव्हता. वादी-प्रतिवादी फ्रान्स आणि ब्रिटन. दोन साम्राज्यं एका माणसाबद्दल बोलत होती, जशी दोन शेजारी बांधावरच्या झाडाबद्दल बोलतात. आंतरराष्ट्रीय कायद्याच्या पाळण्यातलं हे व्यंग आहे, आणि ते पुष्कळ अंशी आजही तसंच आहे.

पुष्कळ अंशी म्हणालो, कारण मधल्या काळात काहीच झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. १०८ वर्षांनी, १७ जुलै २०१९ ला, त्याच हेगमध्ये दुसऱ्या एका न्यायालयाने, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्याबद्दल १५ विरुद्ध १ मतांनी निर्णय दिला. त्यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत, भारताच्या वकिलातीला भेटू दिलं नाही, म्हणून पाकिस्तानने १९६३ चा व्हिएन्ना करार मोडला. शिक्षेचा फेरविचार करा आणि तोवर फाशी थांबवा, असं न्यायालयाने सांगितलं. इथेही पक्षकार दोन देशच होते. पण ज्या कलमावर निकाल लागला, त्यात अटकेतल्या परदेशी माणसाला त्याचे हक्क सांगण्याचं बंधन आहे. माणूस तिथे निदान कायद्याच्या ओळीत आला. जाधव सुटलेले नाहीत. फाशी मात्र अडली, आणि ती कुठल्याही जागतिक पोलिसाने अडवलेली नाही.

मग पोलीस नसताना नियम पाळला कसा जातो? हे समजायला हेगला जायची गरज नाही, गंगापूर धरणावर गेलं तरी पुरे.

गोदावरी त्र्यंबकला उगम पावते, आमच्या शहरातून जाते आणि पुढे पैठणला जायकवाडीत साठते. वर आम्ही धरणं बांधली, खाली मराठवाडा तहानलेला. एकच राज्य, एकच भाषा, एकाच नदीला दोन्हीकडे गंगा म्हणायची पद्धत, आणि तरी पाण्यावरून आमचं वैर असं की दुष्काळी वर्षी धरणाच्या दरवाजांवर बंदोबस्त लागतो. २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. मेंढेगिरी समितीने अभ्यास करून कोष्टकं मांडली, २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश आला, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला मान्यता दिली. सूत्र असं : १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ साली त्याप्रमाणे ८.६ टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला. नाशिक-नगरची माणसं रस्त्यावर आली, कोर्टात गेली. पाणी सुटलं.

मी नाशिकचा आहे. त्या वर्षी पाणी जाताना पाहून मलाही वाईट वाटलं. वाटेत किती मुरतं नि किती उपसलं जातं हे आम्हाला दिसतं. पण आम्ही पाईपलाईन फोडल्या नाहीत. का? कारण आकडा आधीपासून माहीत होता. १५ ऑक्टोबर ही तारीख माहीत होती. धरणात किती पाणी आहे हे दोन्ही बाजूंना दिसतं, त्यावर वाद नाही. आम्हाला बोलायला प्राधिकरण होतं, त्याच्यावर कोर्ट होतं, आणि ६५ चा आकडा बरोबर आहे का याचा फेरअभ्यासही पुढे झाला. हरलेल्याला पुन्हा उभं राहायला जागा होती. धरणावरच्या बंदोबस्तापेक्षा आमच्यावर याचाच धाक आणि याचाच भरवसा जास्त होता. नियम आधी ठरलेला, मोजमाप उघडं आणि हरणाऱ्याला दाद मागायची सोय, एवढं असलं की माणूस आपल्या तोंडचं पाणीसुद्धा शेजाऱ्याला जाऊ देतो.

कुणी म्हणेल, एवढं आहे तर सगळे निर्णय गावपातळीवर, जिल्हापातळीवरच का घेऊ नयेत, जिनिव्हा-न्यूयॉर्क हवं कशाला? त्यांनी पंचवटीत जाऊन काळाराम मंदिराच्या दारात उभं राहावं. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं नेटाने चालवला. दार उघडलं नाही. अडवणारे परके नव्हते, नाशिककरच होते, आणि ही लाज आम्हीच बाळगायला हवी. १९३५ साली येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तिच्यामागे या बंद दाराची पाच वर्षं आहेत. ते उघडायला पुढे मुंबई इलाख्याचा १९४७ चा मंदिरप्रवेशाचा कायदा आणि देशाची राज्यघटना लागली. जवळची सत्ता मायेची असते हा समज ज्यांना दारात अडवलं गेलं त्यांनी कधीच बाळगला नाही. म्हणूनच १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. ती संस्था तेव्हा वर्षाचीही नव्हती. आपल्या माणसांसाठी तिथे एखादं दार आहे का, हे ते चाचपत होते.

आजच्या संयुक्त राष्ट्रांबद्दल चहाच्या टपरीवर जे बोललं जातं ते बरंचसं खरं आहे. पाच देशांकडे नकाराधिकार आहे. युक्रेनच्या वेळी रशियाने तो वापरला, गाझाच्या वेळी अमेरिकेने. जागतिक व्यापार संघटनेचं अपिलाचं पीठ डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण अमेरिका नवे सदस्य नेमू देत नाही. पण ही संस्था उद्या आपल्या डोक्यावर बसेल ही भीती ज्यांना वाटते, त्यांनी एक हिशेब पाहावा. संयुक्त राष्ट्रांचं २०२५ चं नियमित बजेट सुमारे ३७२ कोटी डॉलर, म्हणजे साधारण ३२ हजार कोटी रुपये. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं बजेट ७४ हजार कोटींच्या वर. शांतिसेनेचा खर्च वेगळा असतो, तो धरला तरी सगळ्या जगाची बेरीज एका महापालिकेच्या बजेटच्या आसपासच जाते. आणि अशा तुटपुंज्या व्यवस्थेतून, अमेरिका नि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसलेले असताना, देवी पृथ्वीवरून नाहीशी झाली. जागतिक आरोग्य संघटनेने १९८० साली तसं जाहीर केलं. माझ्या दंडावर लसीचा वण आहे, माझ्या मुलाच्या दंडावर नाही. या संस्था निरुपयोगी आहेत असं मला कुणी पटवू शकणार नाही.

त्यांचं खरं दुखणं मला हैतीत दिसतं. २०१० च्या भूकंपानंतर तिथे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा एक तळ नदीच्या वरच्या अंगाला होता. तळावरची घाण पाण्यात गेली, खाली तेच पाणी लोक पीत होते. पटकीची साथ पसरली आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पीडित दाद मागायला न्यूयॉर्कच्या कोर्टात गेले. संयुक्त राष्ट्रांना कायद्याने संरक्षण आहे, खटला चालू शकत नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हाचे सरचिटणीस बान की मून यांनी माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. नदीकाठच्या माणसाला हे वाचवत नाही. आमच्या गंगेत एखाद्या कारखान्याने सांडपाणी सोडलं, तर निदान हरित लवादाकडे जाता येतं. जगाला माणुसकी शिकवणाऱ्या संस्थेच्या दारात ते दारच नव्हतं.

अशा संस्थांना तक्रारीचं दार पाडणं अशक्य असतं, तर मी हा लेख लिहिला नसता. पण ते एकदा पाडलं गेलंय, आणि त्यात आमच्या नाशिक विभागातल्या आदिवासींचा हात आहे.

सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेने १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. बुडणाऱ्या गावांत महाराष्ट्रातलं पहिलं मणिबेली, अक्कलकुवा तालुक्यात, तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यात. पुनर्वसनाचे बँकेचे स्वतःचे नियम होते, छापलेले, चांगले. ते पाळले जात नव्हते, आणि पाळले जात नाहीत हे सांगायला जागा नव्हती. मेधा पाटकर आणि त्यांच्याबरोबर उभे राहिलेले डोंगरातले लोक यांनी ते इतक्या वर्षं नि इतक्या ठिकाणी सांगितलं, की बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात मोर्स यांनी बँकेवरच ठपका ठेवला. १९९३ च्या मार्चमध्ये उरलेलं कर्ज भारत सरकारने नाकारलं, आणि त्याच वर्षी बँकेने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापलं. बँकेच्या प्रकल्पामुळे आपलं नुकसान होतंय आणि बँक स्वतःचेच नियम मोडतेय, अशी तक्रार घेऊन कुठल्याही देशातली दोन माणसं आता तिथे थेट जाऊ शकतात. सरकारची परवानगी लागत नाही. पहिलीच तक्रार नेपाळमधल्या अरुण नदीवरच्या धरणाची गेली, आणि १९९५ साली बँकेने त्यातून अंग काढून घेतलं.

मणिबेली बुडायची ती बुडालीच. धरण सरकारने स्वतःच्या पैशाने पुरं केलं, आणि पॅनेलला आदेश द्यायचा अधिकार नाही, ते फक्त अहवाल देतं. पण हेगमध्ये १९११ साली भगूरच्या माणसाला जी खुर्ची नव्हती, ती मणिबेलीच्या लढ्यानंतर जगातल्या दोन साध्या माणसांना मिळाली. बँकेच्या इमारतीत न्यायबुद्धी आपोआप उगवली नव्हती. सातपुड्यातल्या पाड्यापाड्यांवरून ती तिथे पोचवावी लागली. पुढे गुजरातमधल्या मुंद्र्याचे मच्छीमार बँकेच्याच समूहातल्या वित्तसंस्थेविरुद्ध अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अशा संस्थांना संपूर्ण अभय नाही असा निर्णय त्यांनी २०१९ साली मिळवला, जरी त्यांचा स्वतःचा दावा पुढे टिकला नाही.

माझं मागणं एवढंच आहे. जिथे जिथे जगाचा नियम माणसाच्या चुलीपर्यंत पोचतो, तिथे तिथे त्या चुलीपासून वर जाणारी वाट असायला हवी. सुरक्षा परिषदेत भारताला कायमची जागा मिळावी यासाठी आपण जेवढा घसा कोरडा करतो, त्याचा चौथा हिस्सा तरी या वाटांसाठी करावा. भारताची खुर्ची मोठी झाली म्हणून मावशीच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही.

आणि त्या प्रश्नापुरती एक वाट आत्ताही आहे, फक्त तिच्यावर कुणी चालत नाही. व्यापार संघटनेच्या व्यवस्थेत एखादा देश अन्नातल्या औषधांच्या अंशाची मर्यादा बदलणार असेल, तर त्याने मसुदा आधी कळवायचा आणि इतर देशांना हरकती मांडायला साधारण ६० दिवस द्यायचे असा प्रघात आहे. हरकत सरकारमार्फतच जाते. कोडेक्सकडे जाणारं भारताचं टपाल दिल्लीतल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणातून जातं. मसुदे इंग्रजीत येतात, दिल्लीत फिरतात आणि मुदत संपते. छाटणी झाल्यापासून ६० दिवसांत बागेत फुलोरा येऊन मणी धरलेले असतात, औषधांवरचा निम्मा खर्च झालेला असतो, आणि मर्यादा बदलतेय याचा बागायतदाराला पत्ता नसतो. द्राक्ष, कांदा आणि डाळिंबाला लागू होणारा असा प्रत्येक मसुदा आला त्या आठवड्यात मराठीत पिंपळगाव, लासलगाव आणि दिंडोरीच्या बाजार समितीच्या फळ्यावर लागावा, तिथेच हरकती लिहून घ्याव्यात आणि दिल्लीने त्यातल्या किती पुढे पाठवल्या याची यादी त्याच फळ्यावर परत यावी. यासाठी कुठला करार बदलावा लागत नाही. एक अनुवादक, एक टेबल आणि बाजार समितीचा एक ठराव लागतो. तो ठराव ऑक्टोबर छाटणीच्या आधी व्हावा म्हणून मी आणि मावसभाऊ अर्ज लिहायला बसलो आहोत.